लाल ठिपक्याचं चुंबक

१

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता मी त्या पाकिटावरचं लाखेचं सील फोडलं. आत पुठ्ठ्याचा डबा, डब्यात स्पंज आणि स्पंजच्या खळग्यात कोटाच्या बटणाएवढी करड्या धातूची चकती. चकतीच्या एका बाजूला तपकिरी ठिपका होता. एवढ्याशा ऐवजापायी एका बाईची नोकरी जाणार होती आणि मला तीन जिने चढावे लागले होते, कारण लिफ्ट बंद होती.

माझं मूळ काम वजनमापांचं. पंचवीस वर्षं मी दुकानादुकानांतून तराजू तपासले, पारड्यांखाली चिकटवलेले शिशाचे तुकडे शोधले आणि शिव्या खाल्ल्या. गुडघे गेले तेव्हा खात्यानं मला चौकशी अधिकारी केलं. बसून करायचं काम आहे म्हणे. ही माझी सतरावी चौकशी. बहुतेक चौकशांचा निकाल माझ्या आधीच तिथे पोचलेला असतो. याही वेळी वरिष्ठांनी मसुदा टाइप करून हातात दिला होता, ‘आरोप सिद्ध’ असा. त्याखाली शुक्रवारपर्यंत माझी सही हवी होती. खरं सांगायचं तर ती करून मोकळं व्हावं असं मलाही वाटत होतं.

प्रकरण असं होतं. चुंबकं बनवणाऱ्या या संस्थेत एक संशोधक बाई आहे. वय चाळीस, पण विभागात सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिला सगळे धाकटी म्हणतात. अकरा महिने खपून तिनं हा नमुना बनवला, क्रमांक एकेचाळीस. इथल्या यंत्रावर तो तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आजवरच्या सगळ्या नमुन्यांपेक्षा जोरदार निघाला. मग पडताळणीसाठी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे तो अगदीच फुसका ठरला. विभागप्रमुखांनी तक्रार केली की मोजताना हिनं बाजारातलं भारी चुंबक यंत्रात ठेवलं आणि पाठवताना स्वतःचं फुसकं पाठवलं. आरोप सिद्ध झाला असता तर नोकरी तर गेलीच असती, पण पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेनं तिला दारात उभं केलं नसतं.

खोलीत माझ्यासोबत तिघं होते. विभागप्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत. यंत्रावर मोजमापं करणारे गृहस्थ, ज्यांचं नावच आलेखवाले पडलं होतं. आणि भांडार व रवानगी सांभाळणारे मामा. ते नेमके कुणाचे मामा, हे आता कुणाला आठवत नव्हतं. धाकटी निलंबित असल्यामुळे बाहेर बाकावर बसली होती.

पाकीट परत आल्यापासून कुणी उघडलं होतं का, असं मी विचारलं. सर म्हणाले, छे, आलं तसं सीलबंद कपाटात ठेवलंय. तिघांनीही तसं लिहून सह्या दिल्या. मग सरांनी आपला महिन्यापूर्वीचा तक्रारअर्ज माझ्यापुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मूळ नमुन्यावर उत्तर ध्रुवाची खूण म्हणून लाल ठिपका होता, प्रयोगशाळेत मोजल्या गेलेल्या नमुन्यावर तो तपकिरी आहे, सबब दोन्ही नमुने वेगळे. सोबतच्या फोटोत ठिपका खरंच लालभडक होता.

“आता आणखी काय हवं तुम्हाला?” सरांनी विचारलं.

मी पिशवीतून माझा तराजू काढला.

२

तो तराजू माझा स्वतःचा आहे. दुसऱ्याच्या तराजूवर मी घरची भाजीसुद्धा घेत नाही. जुन्या नोंदीत नमुन्याचं वजन होतं चार ग्रॅम आणि आठशे बारा मिलिग्रॅम. माझ्या तराजूवर भरलं चार ग्रॅम आठशे अकरा. तीनदा तोललं, तेवढंच.

सर म्हणाले, बघा, फरक आहे. मी भिंग लावून चकतीची कड पाहिली. फोटोतल्या चकतीच्या कडेला बारीक टवका उडालेला होता, उलट्या स्वल्पविरामासारखा. हातातल्या चकतीलाही तोच टवका होता, त्याच जागी आणि त्याच वळणाचा. घासून घासून वजन जुळवणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत, पण टवका जुळवणारा अजून जन्माला यायचाय. चकती तीच होती, फक्त तिचा एक मिलिग्रॅम कुठेतरी गेला होता आणि ठिपक्यानं रंग बदलला होता.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बाहेर जाऊन धाकटीशेजारी बसले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि तिनं दोन्ही पायांत वेगवेगळ्या जोडीचे मोजे घातले होते. ठिपका कशाचा, असं विचारलं तर तिनं पर्समधून नखांना लावायच्या रंगाची बाटली काढून माझ्या हातात दिली. नखांना लावायला फुरसत मिळत नाही, म्हणाली, नमुन्यांना लावते. पाठवायच्या आदल्या दिवशी नमुना तिनं मामांच्या ताब्यात दिला होता. त्यानंतर आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून दोन दिवस रजेवर होती. परत आली तोवर पाकीट गेलेलं होतं.

मी म्हटलं, मग तुम्ही जोरात भांडत का नाही.

“भांडले ना आधी,” ती म्हणाली. “पण बाई, सगळे इतक्या खात्रीनं सांगताहेत. माणूस एकदा चुकतो, तसा तीनदाही चुकू शकतो. आता मला माझंच खरं वाटत नाही. तुम्ही सही करून टाका.”

सतरा चौकशांत मला सही करा म्हणणारी आरोपी पहिल्यांदाच भेटली होती.

३

आलेखवाल्यांकडे यंत्राच्या खोलीची किल्ली होती आणि धाकटीशी त्यांचं दोन वर्षं फाटलेलं होतं, एका बढतीवरून. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. लपवून काय करू, म्हणाले, इथल्या भिंतींनासुद्धा ठाऊक आहे. मी त्यांना विनंती केली की चुंबकातलं मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा तुमच्या घरात समजावतात तसं समजावून सांगा.

त्यांनी चष्मा पुसला. “कठीण चुंबक म्हणजे आमची आत्या. एकदा तोंड फिरवलं की फिरवलं, कुणाचा बाप आला तरी वळायची नाही. पण अंगात जोर बेताचाच. मऊ म्हणजे साधं लोखंड, आमचे थोरले बंधू. ताकद भरपूर, पण ज्यानं हाक मारली त्याच्यामागे निघाले.”

धाकटीनं या दोघांना एकत्र नांदवलं होतं. लोखंडाचे दाणे इतके बारीक करायचे की प्रत्येक दाणा चारी बाजूंनी आत्याच्या धाकात राहील. मग बाहेरून कुणी उलट ओढलं तर लोखंड थोडं वळतं आणि हात सोडताच स्प्रिंगसारखं जागेवर येतं. जोर थोरल्याचा, हट्ट आत्याचा. पण दाणे फारच बारीक लागतात. केसाच्या जाडीचे सात हजार भाग करावेत, त्यातला एक, एवढे. जाडे झाले की दाण्याच्या मधल्या भागापर्यंत आत्याचा धाक पोचत नाही आणि थोरले पुन्हा मोकाट सुटतात.

त्यांनी दोन आलेख माझ्यासमोर ठेवले. इथे काढलेला आलेख घसरगुंडीसारखा सलग उतरत होता. बाहेरच्या प्रयोगशाळेच्या आलेखात मध्येच पायरी होती. ती पायरी म्हणजे लोखंड आधी वळलं आणि कठीण भाग नंतर, असा त्याचा अर्थ. मी विचारलं, म्हणजे माल वेगळा का. ते म्हणाले, तसं नाही, माल तोच असेल तरी दाणे जाडे झाले की अशीच पायरी पडते.

“आणि दाणे जाडे कशानं होतात?”

“भाजल्यानं. म्हणून तर भट्टी ती दोनशे अंशांच्या वर कधी नेत नाही. तिची सगळी युक्ती तीच आहे.”

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. हे तुम्ही सरांच्या कानावर घातलं होतं का, असं विचारलं.

आलेखवाले पहिल्यांदाच हसले. “सरांच्या? बाई, हे मला सरांनीच शिकवलंय.”

४

गुरुवारी संध्याकाळी घरी मी पोलादाचा एक वॉशर घेतला, तोलला, त्यावर धाकटीच्या बाटलीतला लाल ठिपका दिला आणि वाळू दिला. पुन्हा तोलला. ठिपक्याचं वजन दीड मिलिग्रॅमच्या आसपास भरलं. मग वॉशर तव्यावर ठेवून गॅस मोठा केला. आमचे हे दारात येऊन उभे राहिले आणि आज जेवायला हेच आहे का, असं त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं. खिडक्या उघडायला सांगून मी त्यांना घालवलं.

ठिपका आधी काळपटला, मग त्याचा नेमका तोच मातकट तपकिरी रंग झाला. वॉशर निवल्यावर तोलला तर वजन एक मिलिग्रॅमनं उतरलं होतं. माझा तराजू कधी खोटं बोललेला नाही.

म्हणजे नमुना कुणी बदललेला नव्हता. तो कुणीतरी भाजला होता. धाकटीनं स्वतःचा अकरा महिन्यांचा जीव भट्टीत घातला असेल हे मला पटेना. बाहेरची प्रयोगशाळा फक्त मोजते, त्यांच्याकडे भट्टीच नाही, हे मी दुपारी फोन करून विचारलं होतं. त्याच फोनवर मी आणखी एक गोष्ट विचारली होती आणि तिचं उत्तर वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

उरली मामांची एक रात्र आणि एक सकाळ.

५

शुक्रवारी मी आधी भांडारात गेले. मामांचं भांडार तळघरात होतं, म्हणजे जिने उतरायचे. उतरताना गुडघे जास्त दुखतात, हे तरुण माणसाला सांगून कळत नाही. मांडणीवर लोखंडी पत्र्याचे जाड डबे ओळीनं लावलेले होते. एक उचलून पाहिला तर हातच खाली गेला.

मी मामांना विचारलं, चुंबकं या डब्यांतून जातात का. ते म्हणाले, हो, पत्रा नसला तर चुंबक बाहेरच्या वस्तूंना ओढ लावतं. असे डबे ट्रकनं जातात, नऊ दिवस लागतात.

“मग एकेचाळीस नंबर पुठ्ठ्याच्या डब्यात कसा?”

“तो विमानानं गेला ना. घाई होती. विमानवाले जागं चुंबक घेत नाहीत, म्हणून झोपवून दिला.”

त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या भट्टीकडे हात केला. चुंबक आत ठेवायचं, साडेतीनशे अंशांवर चार तास. त्याची ओढ जाते, टाचणीसुद्धा चिकटत नाही. पलीकडचे लोक ते मोठ्या यंत्रात घालून पुन्हा उठवतात आणि ते पूर्वी होतं तसंच होतं. मामा बत्तीस वर्षं चुंबकं झोपवत आले होते आणि आजवर एकाचीही तक्रार आलेली नव्हती.

मी विचारलं, हे चौकशीत का नाही सांगितलंत. मामांना प्रश्नच कळला नाही. त्यांना विचारलं होतं की डबा कुणी बंद केला, ते त्यांनी सांगितलं होतं. झोपवणं म्हणजे डब्याला दोरी बांधण्यासारखं. ते काय सांगायचं. नेहमीच्या चुंबकाला साडेतीनशे अंशांनी काहीही होत नाही. आतले दाणे जसेच्या तसे राहतात. एकेचाळीस नंबर नेहमीचा नव्हता.

हे मी त्यांना आत्या आणि थोरल्याच्या भाषेत सांगितलं, कारण मला दुसरी भाषा येत नव्हती. मामा ऐकत राहिले. मग खुर्ची चाचपून खाली बसले.

“म्हणजे पोरीचं काम मीच जाळलं,” ते म्हणाले. “आणि महिनाभर ती माझ्याच हातचा चहा पितेय.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मला फार वाईट वाटलं. खोटं वजन ठेवणाऱ्यांशी कसं वागायचं ते मला येतं, खऱ्या माणसाशी कसं वागायचं ते अजून नीट येत नाही. थोड्या वेळानं मी विचारलं, विमानानं पाठवायचं कुणी ठरवलं.

मामांनी फाइलीतून विमान कंपनीचा फॉर्म काढला. ‘या डब्यातील वस्तूस चुंबकत्व नाही’, असं त्यावर छापलेलं होतं.

“खात्री करूनच सही करतात ते,” मामा म्हणाले. “डबा उघडून नमुन्याला टाचणी लावून बघितली, मग सही केली.”

सहीखाली विभागप्रमुखांचा शिक्का होता.

६

दुपारी मी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं, धाकटीलासुद्धा. सर म्हणाले, निलंबित व्यक्तीला आत येता येणार नाही. मी म्हटलं, मग चौकशी बाकावर घेऊ, मला कुठेही बसायला चालतं. ती आत आली.

मी सगळं क्रमानं सांगितलं: टवका, हरवलेला मिलिग्रॅम, वॉशर, भट्टी. मामा खाली मान घालून उभे होते. धाकटी माझ्याकडे नुसती पाहत होती. सरांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. म्हणाले, असं झालं असेल तर दुर्दैवी आहे, मामांनी विचारायला हवं होतं, मला यातलं काही माहीत नव्हतं.

“सर, ठिपका तपकिरी आहे हे तुम्हाला कधी कळलं?”

“परत आला तेव्हा.”

“परत आलं ते पाकीट सीलबंद होतं. सील मी परवा फोडलं. तुमचा अर्ज महिन्यापूर्वीचा आहे.”

सर म्हणाले, प्रयोगशाळेनं कळवलं असेल. मी वही उघडून दोन रेघा मारलेली ओळ वाचली. प्रयोगशाळेच्या माणसानं फोनवर मला उलट विचारलं होतं, कसला ठिपका? आम्ही आकडे आणि आलेख पाठवतो, दुसरं काही नाही.

“तपकिरी ठिपका तुम्ही एकदाच पाहू शकत होता,” मी म्हटलं. “भट्टीतून निघाल्यावर आणि डबा बंद व्हायच्या आधी. टाचणी लावून बघताना.”

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. ते अचानक फार म्हातारे दिसायला लागले. त्यांनी नाकारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान चीड तरी आली असती.

“त्या दिवशी मी फक्त फॉर्म बघत होतो,” ते म्हणाले. “ठिपका दिसला, काजळी असेल वाटलं. झोपवून पाठवा असं आदल्या दिवशी म्हणालो होतो, नेहमी म्हणतो तसं. बाहेरचा आलेख आला, त्यातली पायरी दिसली, आणि तेव्हा आठवलं. तीस वर्षं वर्गात सांगतोय, याला भाजू नका. आणि मीच भाजायला सांगितलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“लाज वाटली. एक दिवस गेला, मग दुसरा गेला. वाटलं, ही अजून तरुण आहे, कुठेतरी लागेल.”

“मी चाळीस वर्षांची आहे, सर,” धाकटी म्हणाली.

ती उठली. मला वाटलं, आता भांडेल. पण तिनं टेबलावरचे दोन्ही आलेख उचलले, खिडकीपाशी नेले आणि पायरीवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली.

“म्हणजे माझं खरं होतं,” ती म्हणाली, आणि खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकून रडायला लागली. आलेखवाल्यांनी आपला रुमाल काढला, दोनदा दुमडला आणि तिच्याकडे न बघता तिच्या हाताशी ठेवला.

मी वरिष्ठांचा मसुदा फाडला आणि नवा निकाल हातानं लिहिला. टाइप करून घ्यायला पुन्हा खाली कोण जाणार.

७

सर रजेवर गेले आणि परत आले नाहीत. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले. नऊ महिन्यांनी धाकटीचा फोन आला: नवा नमुना तयार आहे, क्रमांक पंचेचाळीस, रवाना व्हायच्या आधी तुमच्या तराजूवर तोलून द्याल का. हे काही माझं सरकारी काम नव्हतं. तरी मी गेले. लिफ्ट अजून बंदच होती.

भांडारात निवृत्त मामा हजर होते. त्यांनी घरी बसून जाड लोखंडी पत्र्याचा डबा स्वतः बनवून आणला होता, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. नमुना चार ग्रॅम सातशे नव्वद भरला. तो तराजूवरून उचलताना माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याची बकल त्याच्याकडे ओढली गेली आणि पट्टाच सुटला. मामांनी नमुना डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि धाकटीकडून बाटली मागून झाकणावर नखांच्या लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘जागं आहे. झोपवू नये.’ डबा ट्रकनं गेला.

दहाव्या दिवशी सकाळी धाकटीचा पुन्हा फोन आला. आकडे जुळले होते आणि आलेखात पायरी नव्हती. मामांना कळवलंस का, एवढंच मी विचारलं.

“कळवायचं काय,” ती म्हणाली. “डबा गेल्यापासून ते रोज इथेच येऊन बसताहेत.”